दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

घोलवड
१२ ऑगस्ट २०१८

सौ. संगिताबाई धोडी यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी पत्र टाकतो आहे. तुमच्या शाळेतले प्रविण सर गेल्या आठवड्यात माझ्याकडे चिकूची कलमं न्यायला आले होते. पडवीत रचलेल्या पेट्या बघून म्हणाले, "काका, एवढा माल पडून का? ट्रक आला नाही?" मी एका पेटीचं झाकण उघडलं. आत चिकू नाहीत, कॅसेटी. दुसऱ्या पेटीत तबकड्या. आमच्या घरात फळापेक्षा गाणीच जास्त पिकली असं आमची मंडळी, नूतन, चारचौघांत सांगते. समुद्राच्या हवेने फितीला बुरशी धरते, म्हणून दर हिवाळ्यात मी एकेक काढून पुसत बसतो, तेव्हा ती म्हणते, "नातवंडांना कधी अशी अंघोळ घातली नाही."

बोलता बोलता सर म्हणाले, भिकी धवलेरीची नात आमच्याच शाळेत बाई आहे. मी चहा तसाच ठेवून पेट्यांत एक कॅसेट शोधायला लागलो.

सांगायचं असं. १९८२ साली मी सव्वीस वर्षांचा होतो. शाळा आठवीत सुटलेली. रेडिओ उघडून, बिघडवून आणि पुन्हा जोडून जेवढं शिकलो तेवढंच माझं शिक्षण. डहाणू रोड स्टेशनसमोर जतीनशेठने 'लहर कॅसेट' नावाचं दुकान काढलं आणि मला रेकॉर्डिंगला ठेवलं. वाडीबाहेरची ती माझी पहिली नोकरी. बाप चार दिवस बोलला नाही. त्या मे महिन्यात आम्ही जीपमध्ये स्पूलचं मशीन घालून तुमच्या खडकपाड्यावर आलो आणि तुमच्या आजीची लग्नगाणी उतरवून घेतली. 'डोंगरची लग्नगाणी' ही ती कॅसेट. निळं वेष्टन. दुकान तीन वर्षांत बंद पडलं, पण ती कॅसेट माझ्याकडे आहे. दोन हजारांतून एकच वाचवायची म्हटली तर डोळे मिटून ती उचलीन.

वेष्टनावर गाणाऱ्या बाईचं नाव नाही. 'आदिवासी भगिनी' एवढंच छापलं आहे. ते मला आता खुपतं. आणि दुसरं, दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं मध्येच तुटतं. नवरी बापाच्या घरातून निघते, रान ओलांडते, नदी ओलांडते, शेताच्या बांधावर येते, आणि संपलं. छत्तीस वर्षं मी तिच्यासोबत त्या बांधावर उभा आहे. पुढे काय होतं? तुम्हाला गाणं येत असेल तर लिहून पाठवाल का?

फोन नंबर सरांनी दिला आहे, पण फोनवर माणूस बोलतं की कोणी भांडी घासतं हे मला आता नीट कळत नाही. म्हणून पत्र.

आपला,
रतन चुरी


तलासरी
२ सप्टेंबर २०१८

आदरणीय श्री. चुरी यांस,
नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाटलं शिक्षण खात्याचं काहीतरी आलं, हल्ली दुसरं पत्र कोण लिहितं!

भिकी माझी आजी, वडिलांची आई. ती १९९० मध्ये वारली, तेव्हा मी आठवीत होते. गाणं मला येत नाही. आमच्याकडे लग्नाची गाणी सहज बसून म्हणत नाहीत, म्हणून लहानपणी पाठ व्हायचाही प्रश्न आला नाही.

पत्र मी माझ्या आत्याला, काळीला, वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी तशीच करपू दिली आणि मला म्हणाली, "त्याला इचार, गाणा नक्की कुठं थांबला? शब्दाला शब्द सांग म्हणावं." मग एवढंच विचारते: त्या कॅसेटवर शेवटची ओळ कोणती ऐकू येते? आणि गाणं तुटलं ते कशामुळे?

आपली,
संगिता धोडी


घोलवड
९ सप्टेंबर २०१८

संगिताबाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी पोरासारखा उठलो आणि कॅसेट लावली. शेवटची ओळ अशी आहे:

बांधावर आली गं नवरी, बांध मऊ मातीचा

'मातीचा' वर आवाज हळूहळू बारीक होतो आणि मग नुसतं फितीचं खरखरणं.

तुम्ही विचारलंत कशामुळे. अहो, नशीब! लाईट गेली. तुमची आजी अशी रंगात आली होती, मागे दोन बाया ओळ झेलत होत्या, समोर जोडपं बसवलं होतं, आणि ऐन वेळी लाईट गेली. मशीन थंड. ही हकिकत मी आजवर किती जणांना सांगितली असेल! डहाणूला वाचनालयात माझी गाणी ऐकवायचा कार्यक्रम झाला होता, तिथेही सांगितली. लोक हळहळतात.

जोडप्याचं म्हणाल तर तीही गंमत. तुमची आजी म्हणाली, रिकाम्या मांडवात मी गात नाही, दोघांना बसवा. मग पाड्यावरची दोन तरणी माणसं देखाव्यापुरती बसवली. मुलगी सारखी हसत होती. मुलाने शर्ट उलटा घातला होता, ते मी त्याला सांगितल्यावर तो मांडवातच सुलटा करायला लागला. नावं मात्र विसरलो.

तुमच्या आत्याबाईंना एवढं कुतूहल का वाटलं? त्याही गातात का? तुम्ही ह्यावर काही लिहिता आहात का, पुस्तक वगैरे? असेल तर माझ्या पेट्या तुमच्यासाठी उघड्या आहेत. नूतन म्हणते, उघड्या ठेवा आणि घेऊनच जा.

आपला,
रतन चुरी


तलासरी
३० सप्टेंबर २०१८

श्री. चुरी यांस,
नमस्कार.

मी पुस्तक लिहीत नाही. थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

आमच्या पाड्यावर वीज आली १९९७ साली. पहिला दिवा लागला तेव्हा मी तिथेच होते, डी.एड. करून नुकतीच परतले होते. १९८२ साली खडकपाड्यावर लाईट नव्हतीच, तर गेली कुठून? तुमचं मशीन बॅटरीवर चालत होतं. आत्या सांगते, जीपची बॅटरी काढून तुम्ही आंब्याखाली ठेवली होती आणि कोंबड्या तिच्यावर बसत होत्या.

आत्याला हे सगळं आठवतं, कारण सारखी हसणारी ती मुलगी तीच. उलट्या शर्टाचा मुलगा म्हणजे धाकल्यामामा, तिचा नवरा.

आणि तो देखावा नव्हता. आमच्यात मुलगामुलगी आधी एकत्र राहायला लागतात, घर उभं करतात, आणि जमेल तेव्हा लग्न लावतात. कधी वर्षाने, कधी दहा वर्षांनी. ही दोघं तेव्हा वर्षभर एकत्र होती. आजी म्हणाली, गाणं म्हणायचंच आहे तर ह्यांचं लग्नच लावून टाकू. लग्न आमच्याकडे भटजी लावत नाही, धवलेरी लावते. तिचं गाणं पुरं झालं म्हणजे लग्न लागलं. लोक जमले होते, भिंतीवर लग्नाच्या चित्राचा चौक लिहिला होता, हळद लावली होती. आणि तुम्ही हात वर करून "बस, बस, थांबा" म्हणालात. आजीला सांगितलंत, पुढच्या गुरुवारी नवी रीळ घेऊन येतो, बाकीचं तेव्हा म्हणा.

त्या गुरुवारी आजी पुन्हा मांडवात बसली होती. तुम्ही आला नाहीत. ती हट्टी होती, म्हणाली, ज्यानं थांबवलं तोच सोडवील, मी आपल्या तोंडानं जोडणार नाही. तुम्हाला शोधायला माणूस डहाणूला आला तोवर दुकान बंद पडलं होतं. मग पोटापाण्याच्या मागे राहून गेलं. मामा चिंचणीला बोटीवर जायला लागला, आत्याने शेत सांभाळलं.

आता त्यांच्या निलमचं लग्न कैनाड गावच्या मुलाशी ठरलं आहे, येत्या उन्हाळ्यात. पण आईबापाचं लग्न लागल्याशिवाय मुलीला हळद लागत नाही. मुलाकडच्यांनी तसं स्पष्ट विचारलं. आत्या हसत म्हणाली, "आमचा लगीन अर्धा आहे, पण पोरगी तर पुरी झाली ना!" मुलाकडचं कोणी हसलं नाही.

आत्ता जी धवलेरी आहे, शुक्री, ती म्हणते गाणं जिथं तुटलं तिथूनच जोडायचं. पण नेमकं कुठं तुटलं हे कोणालाच आठवत नाही. आत्याला लाज वाटत होती म्हणून ती ऐकत नव्हती, मामा शर्टाची बटणं लावत होता.

म्हणून तुम्हाला विचारलं. बांधावर, हे खरं का? की लाईटीसारखं?

संगिता धोडी


तलासरी
१६ डिसेंबर २०१८

श्री. चुरी यांस,
नमस्कार.

अडीच महिने झाले, आपलं उत्तर नाही. माझं लिहिणं लागलं असेल तर माफ करा. पण निलमच्या सासरचे संक्रांतीनंतर तारीख धरायला येणार आहेत. आत्या रोज विचारते, "पोस्टमन आला?" खोटं असलं तरी चालेल, काहीतरी कळवा, असं लिहिणार होते. पण खोटं चालणार नाही.

संगिता


घोलवड
६ जानेवारी २०१९

संगिता,

तुला अगं-तुगं करतो आहे, मोठा आहे म्हणून नव्हे. अहो-जाहो करत हे लिहायला जमेना.

तीन पत्रं लिहून फाडली. चौथं नूतनने हातातून घेतलं, वाचलं आणि म्हणाली, "ह्यात पण तुम्ही जीपच्या ड्रायव्हरला पुढे केलंय. सरळ लिहा." म्हणून सरळ लिहितो.

लाईट गेली हे मी जतीनशेठला पहिल्यांदा सांगितलं, गाणं अर्धं का आणलं ह्याच्या उत्तरात. मग तेच सांगत गेलो. इतक्यांदा सांगितलं की मला त्या मांडवात एक बल्बसुद्धा दिसायला लागला होता. तुझं पत्र वाचलं आणि तो बल्ब विझला.

खरं असं. रीळ संपत आली होती. चाकावर फितीचे थोडेच वेढे उरले होते. मी हात वर केला. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं, कोणाला घाई नव्हती, गाडी चुकत नव्हती. मला एवढंच वाटलं की आता फीत नाही, तर ही बाई उगाच कशाला गाते आहे! जे माझ्या मशीनमध्ये जात नाही ते वाया जातं, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं. तिथे लग्न लागतं आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मागचे तीन महिने मी हेच मनात घोळवत बसलो आहे. ते दोघे देखावा करत होते असं मी धरून चाललो, आणि देखावा करायला गेलो होतो मी.

गुरुवारचं मी म्हणालो होतो. मंगळवारी दुकानात ऐकून बघितलं तर होतं तेवढ्यातच कॅसेटची बाजू भरत होती. जतीनशेठ म्हणाले, "चाली जशे, रतन." चालून जाईल. मी आलो नाही.

आता मुद्द्याचं. बांधावर हे खरं नाही, पण लाईटीसारखं खोटंही नाही. मी "बस" म्हटल्यावर तुझी आजी लगेच थांबली नाही. माझ्याकडे बघत ती पुढे म्हणत राहिली आणि मग थांबली. तेवढ्या फितीवर तिच्या गाण्यावर माझं "बस, बस, थांबा" आलं होतं. कॅसेटवर माझा आवाज नको म्हणून तेवढा तुकडा मी ब्लेडने कापून टाकला आणि 'मातीचा' वर आवाज बारीक करत नेला. ते माझं पहिलं कापाकापीचं काम. शेठने पाठ थोपटली होती.

म्हणजे नवरी बांधावर नाही. बांधाच्या पुढे कुठेतरी आहे. कुठे ते मला सांगता येत नाही. कापलेला तुकडा तेव्हाच गेला.

काळीबाईंना हे वाचून दाखव. काही गाळू नकोस.

रतन चुरी


तलासरी
२० जानेवारी २०१९

रतनकाका,
नमस्कार.

काही गाळलं नाही. आत्या ऐकत होती, मामाही होता, तो बोटीवरून आला होता. वाचून झालं. मग मामा म्हणाला, "म्हणजे माझ्या शर्टापायी नाय?" इतकी वर्षं त्याला वाटत होतं की मांडवात शर्ट काढला म्हणून भिकीमावशी रागावून थांबली. आत्या त्याला म्हणाली, "आणि तू मला एकदा पण सांगितला नाय!"

मी शुक्रीला विचारलं की सरळ पहिल्यापासून का म्हणत नाही. ती मला शाळेतल्या पोराला समजावतात तसं समजावायला लागली. पहिल्यापासून म्हणायचं म्हणजे नवरी बापाच्या घरातून निघायला हवी. काळी तर निघून गेलेली. तिला पुन्हा बापाच्या घरी न्यायची, म्हणजे आधी धाकल्याने सोडायला हवी. सोडणार का? मागून धरलं तर एक वाट ती दोनदा चालेल. पुढून धरलं तर मधली वाट राहील. तिचा पाय जिथं आहे तिथूनच उचलायचा.

गाणं तिला येतं, आजीकडूनच शिकली आहे. बांधानंतर विहीर येते, मग शेणाने सारवलेलं खळं, मग कोंबड्यांचा खुराडा, अंगण, आणखी काय काय. एकेक ओळ एकेका जागेची. फक्त कापलेल्या तुकड्यात किती ओळी होत्या हे सांगा, बाकीचं मी करते, म्हणते.

तारीख धरायला आलेल्यांना आम्ही मे सांगितलं आहे. काका, आठवून बघा. एक ओळ होती की पाच?

तुमची,
संगिता


घोलवड
३ फेब्रुवारी २०१९

चि. संगिता,
अनेक आशीर्वाद.

दोन ओळी. कशावरून ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या नुसत्या शब्दावर आता कोणी विसंबू नये.

आठवून काही येईना. ओळी आठवत नाहीत, शब्द आठवत नाहीत. मग कापल्याचा दिवस आठवायला बसलो. आमची पद्धत अशी होती की कापलेला तुकडा लगेच फेकायचा नाही, कधी परत जोडावा लागतो. त्याचं एक टोक दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला अडकवायचं आणि दुसरं कापायच्या टेबलावर चिमटीत ठेवायचं. तुझ्या आजीचा तुकडा मी तसाच ताणून ठेवला होता. तेवढ्यात जतीनशेठ दारातून घाईघाईने आत आले, फीत बरोबर त्यांच्या गळ्यात, आणि ते ओरडले, "आ शुं, रतन? मने हार पहेरावे छे?" हे काय, मला हार घालतोस? सगळं दुकान हसलं होतं. म्हणजे तुकडा खिळ्यापासून टेबलापर्यंत बरोबर पोचत होता. लोंबत असता तर गळ्यात आला नसता.

गेल्या सोमवारी डहाणूला गेलो. शेठ गेले, आता त्यांचा नविन तिथे मोबाईल विकतो. मी म्हटलं, "नविन, मला तुझ्या दुकानाची लांबी मोजायची आहे." तो म्हणाला, "काका, दुकान विकायचं नाही." सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्याने स्वतः टेप धरली. चौकट बदललेली आहे, पण भिंत तीच. टेबल जिथे होतं तिथे खाली लादीला चार पायांचे डाग अजून आहेत, वर त्याने काचेचं कपाट ठेवलं आहे. ते दोघांनी मिळून सरकवलं. खिळ्याच्या जागेपासून टेबलाच्या कडेपर्यंत चौदा फूट भरलं, दोन बोटं इकडेतिकडे.

आमचं मशीन एका सेकंदाला साडेसात इंच फीत ओढायचं. चौदा फुटाचे बावीस सेकंद झाले. घरी येऊन कॅसेट लावली आणि घड्याळ घेऊन तुझ्या आजीच्या ओळी मोजल्या. एक ओळ आणि मागच्या बायांचं झेलणं मिळून अकरा सेकंद. दहा ओळी मोजल्या, दहाही अकराच्या. काय बाई होती! मशीन चुकेल, ती नाही.

बावीस म्हणजे दोन ओळी. बांधाच्या पुढे दोन. शुक्रीबाईंना विचार, तिथे काय आहे?

उत्तराची वाट बघतो. रात्री नीट झोप लागत नाही असं नूतन तुला लिहायला सांगते आहे, म्हणून लिहिलं.

तुझा,
रतनकाका


तलासरी
२४ मार्च २०१९

रतनकाका,
नमस्कार.

उशीर झाला. निवडणूक लागली आणि आम्हा शिक्षकांच्या मागे प्रशिक्षणं लागली.

तुमचं पत्र मी शुक्रीच्या अंगणात वाचलं. ती बोटांवर मोजत होती: विहीर, एक. खळं, दोन. "खळ्यावर उभी आहे," म्हणाली. आत्या तिथेच होती. हळू आवाजात म्हणाली, "तरीच! सुगीला खळ्यावर गेली का मला घरी परत यावासाच वाटत नाय." हे तिने चेष्टेत म्हटलं की खरं, मला कळलं नाही. शुक्रीने मात्र मान हलवली, जशी मी वर्गात बरोबर उत्तराला हलवते.

एक अडचण होती. तुमच्या चौदा फुटांवर प्रविण सरांनी शंका काढली: फीत थोडी दुमडलेली असेल तर? शुक्री म्हणाली, "ज्यानं तोडला तो मोजून सांगतो, आणि शेठ असून आपली चूक लिहून देतो. आता आणखी काय पाहिजे?" 

रविवार २८ एप्रिल, सकाळी. निलमचं लग्न त्याच्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी ९ मे. तुम्हाला यावं लागेल. शुक्री सांगते, थांबवणाऱ्याने समोर बसून 'चालू दे' म्हणायचं, त्याशिवाय ती तोंड उघडणार नाही.

मी मात्र नसेन. २९ ला मतदान, आदल्या दिवशी आम्हाला यंत्रं घेऊन केंद्रावर जायचं. आत्या खूप चिडली. म्हणून एक मागते: तिथे काय झालं ते मला लिहा. तुमच्याइतकं बारीक कोणी सांगणार नाही. बल्ब वगैरे घालू नका म्हणजे झालं.

तुमची,
संगिता


घोलवड
३० एप्रिल २०१९

चि. संगिता,
अनेक आशीर्वाद.

तुझी यंत्रं सुखरूप पोचली असतील. आता माझं ऐक.

आम्ही दोघं रिक्षाने आठ वाजता पोचलो. मशीन नेलं नाही. मोबाईलसुद्धा नूतनच्या पिशवीत. मांडव लहानसाच, आंब्याच्या डहाळ्यांचा, भिंतीवर पांढरा चौक लिहिलेला. काळीबाई पिवळ्या लुगड्यात. धाकल्या नव्या शर्टात, आणि मी आत शिरताच तो छातीवरचं बटण दाखवून म्हणाला, "शेठ, सुलटा आहे. बघून घ्या." सगळी माणसं हसली आणि मला जरा बरं वाटलं.

पण शुक्रीबाई हसली नाही. मला समोर जमिनीवर बसवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "तू थांबवलास?"

"हो."

"कशापायी?"

पत्रात लिहिणं सोपं होतं. तिथे पन्नास माणसं बघत होती. मी म्हटलं, "टेप संपत आली होती. मला वाटलं, टेप नसेल तर गाण्याचा काय उपयोग."

मागून सुकऱ्या नावाचा एक म्हातारा म्हणाला, "मग तुझी टेप येईपर्यंत आम्ही काय मुके होतो का रे?" पुन्हा हशा. ह्या वेळी मी हसलो नाही.

शुक्रीबाई म्हणाली, "म्हण आता."

मी मागे वळून बघायला लागलो. नूतनने मागून बोट खुपसलं. मी म्हटलं, "चालू दे."

आणि गाणं उचललं तिने. आवाज तुझ्या आजीसारखा नाही, जाडा आहे, पण चाल तीच, अकरा सेकंदांची. 'खळ्यावरून निघाली गं नवरी, पाय झाडून निघाली.' काळीबाई बसल्या बसल्या खरंच पाय झाडत होत्या, मी बघितलं. मग खुराडा आला. अंगण आलं. पाण्याची उतरंड आली, उंबरा आला, उंबऱ्यावर तिने बराच वेळ नवरीला उभं केलं, आणि मग घरात घेतलं, आणि चुलीपाशी बसवलं. चुलीत लाकूड सारलं. आणि शुक्रीबाई गप्प झाली.

सवयीने माझी नजर घड्याळावर गेली. साडेतीन मिनिटं झाली होती.

मला वाटलं, ती दम खाते आहे. मी विचारलं, "पुढे?"

"पुढे काय? झाला. लगीन लागला."

संगिता, मी समजत होतो पुढे आणखी अर्धा तास तरी गाणं असेल. छत्तीस-सदतीस वर्षं मी त्या पुढल्या भागाची केवढी कल्पना करून ठेवली होती! आणि तिथे साडेतीन मिनिटं होती. त्या दिवशी मी हात खाली ठेवला असता, टेपशिवाय साडेतीन मिनिटं नुसता बसून ऐकलं असतं, तर तुझी आजी त्या गुरुवारी रिकाम्या मांडवात बसली नसती. मी तोंड फिरवून रुमाल काढला. काळीबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला रडता, शेठ? रडायचा मी. ह्याचा काही चुकला का मी म्हणायची, ते राहिलेल्या गाण्यात असेल, म्हणून ह्याला ठाऊक नाय. आता सगळा ऐकला. त्यात तर नुसती चूल आणि लाकूड! आता ह्याला काय बोलू?" धाकल्या म्हणाला, "काहीच बोलू नको." त्यावर बायांनी जो गलका केला तो तुला तुझ्या मतदान केंद्रावर ऐकू आला असेल.

गाण्याचे सगळे शब्द मला आठवत नाहीत. तुला लिहून पाठवायचे म्हणून घरी येताना रिक्षात जुळवत होतो, तर निम्मे गळालेले. खुराड्यानंतर अंगण की आधी, ह्यावर नूतनचं आणि माझं भांडण झालं. असू दे.

वेष्टनावर मी आता शाईने नाव घातलं आहे. भिकी धवलेरी, खडकपाडा.

एक सांगायचं राहिलं. गलका चालू असताना काळीबाई एकदम उठल्या. लग्न लागलेल्या नवरीने असं उठायचं नसतं, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. त्यांच्या अंगाला लावून उरलेली हळद वाटीत होती. ती वाटी घेऊन त्या दाराशी उभ्या असलेल्या निलमकडे गेल्या. निलम मागे सरली, म्हणाली, "आई, माझी हळद पुढच्या आठवड्यात आहे, सासरच्यांनी दिवस दिलाय."

"दिला असेल," काळीबाई म्हणाल्या, "मी नाय थांबणार." आणि पोरीचे दोन्ही गाल पिवळे करून टाकले.

तुझा,
रतनकाका